बॉडी माउंट : जुन्या स्पोर्ट्स गाडीतील जाम बोल्ट बदलणे

बॉडी माउंट म्हणजे स्वतंत्र चासी असलेल्या मोटारीत बॉडी जिथे चासीवर टेकते आणि बोल्टने आवळली जाते ती जागा. तिथला रबर, लोखंडी नळी, रुंद वायसर, शिम, बोल्ट आणि नट हा सगळा संच याच नावात येतो. रबर रस्त्याचे हादरे गिळतो. नळी रबराला ठरावीक मर्यादेपलीकडे चेपू देत नाही. बॉडीची उंची शिमच्या चकत्यांनी जुळवलेली असते आणि दरवाजा नीट लागणे न लागणे बरेचसे त्यांच्यावर ठरते.

सर्वच जुन्या गाड्यांना हे माउंट नसतात. एमजीबीची बॉडी आणि चासी एकसंध आहे, मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचीही तशीच. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ट्रायम्फ स्पिटफायर मात्र ट्रायम्फ हेरल्डच्या चासीवरून घडलेली. हेरल्ड भारताला परकी नव्हती. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनवत होती, त्यामुळे वेगळी चासी आणि वर आवळलेली बॉडी ही रचना इथल्या जुन्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेली आहे. १९६२ च्या लोटस इलानमध्ये पोलादी कण्यावर फायबरग्लासची बॉडी बसते. सॅन स्टॉर्म ही सॅन मोटर्सने गोव्यात बनवलेली दोन आसनी उघडी गाडी. तिचीही बॉडी फायबरची असल्याने फायबरविषयी पुढे सांगितलेली खबरदारी तिलाही लागू पडते.

नवी मुंबईत हे बोल्ट लवकर जाम होतात, त्याला कारण इथली हवा. शहर ठाण्याच्या खाडीला लागून वसले आहे आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलते. हवेतला मीठकण पत्र्यावर बसला की ओल धरून ठेवतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही गंजणे थांबत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. नळी आणि बोल्ट यांच्यातली केसभर फट त्याने भरली की दोन्ही एकजीव होतात. आटे शाबूत असून बोल्ट निघत नाही, तो बहुधा याच कारणाने. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने कव्हर घालून ठेवलेली गाडी सुरक्षित वाटते. पण कोंडलेली ओल आणि भिजलेले गालिचे तिचे माउंट आतून खातात. रोज फिरणाऱ्या गाडीला निदान वारा तरी लागतो.

पाना लावण्याआधी आटे ओळखणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत इंची माप असते. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मिमी, म्हणजे ८ मिमी बोल्टच्या इतका जवळ की नजर फसते. बारीक आट्यांच्या इंची बोल्टला इंचात २४ आटे असतात, तर नेहमीच्या ८ मिमी बोल्टचे आटे सव्वा मिमी अंतरावर. दुसऱ्याच्या नटात पहिला जबरदस्तीने फिरवला की दोघांचेही आटे जातात. पान्याचेही तसेच आहे. या बोल्टचे डोके अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करून टाकतो. म्हणून इंची मापाचा सहा कोनी सॉकेट हवा, बारा कोनी नको.

आटे तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस, दिवसातून दोनदा सोडावे. घाईत याची भरपाई होत नाही. मग बोल्ट आधी किंचित आवळावा, नंतर सोडवावा, आणि पाव-पाव फेरा पुढे-मागे करत न्यावा. पाना कडक न लागता स्प्रिंगसारखा लवचीक लागू लागला, तर बोल्ट पिळला जातो आहे आणि तुटायला टेकला आहे. तिथेच हात थांबवून पुन्हा तेल द्यावे. उष्णता द्यायची तर नटाला, बोल्टला नव्हे. नट प्रसरण पावून पकड सोडतो. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढले जाते, ही युक्ती खरोखर कामाची आहे. पण जवळ पेट्रोलची नळी, टाकी किंवा खालचा डांबरी लेप असेल तर ज्योत नको. फायबरच्या बॉडीजवळ तर मुळीच नको, तिथे विजेचा इंडक्शन हीटर वापरावा.

खरी कसोटी आतला नट सुटून फिरू लागतो तेव्हा. बऱ्याच माउंटचा नट बंद पेटीत पिंजऱ्यात बसवलेला असतो. पिंजरा गंजून फाटला की पाना कितीही फिरवा, नटही सोबत फिरतो. अशा वेळी बोल्टवर जोर काढण्यापेक्षा त्या पेटीत वरून छोटी खिडकी कापून नट धरावा आणि नंतर पत्रा वेल्ड करून खिडकी बंद करावी. इलानमध्ये बोल्ट फायबरमध्ये बसवलेल्या धातूच्या बॉबिनमध्ये जातो. जोर केला तर बॉबिनच फायबरमधून उपटून येते. म्हणून तिथे डोके ग्राइंडरने उडवून बॉडी उचलणे आणि उरलेला दांडा मध्यावर पंच मारून ड्रिलने काढणे बरे. बोल्ट हा सगळ्यांत स्वस्त भाग. नटाची जागा आणि बॉडीचा आकार यांना धक्का न लावता तो बळी द्यायला कचरू नये. ड्रिल केलेल्या भोकात तुटका बोल्ट काढणारा एक्स्ट्रॅक्टर मोडला, तर मात्र त्याच्याइतके कठीण पोलाद पुन्हा ड्रिल होत नाही आणि काम दुपटीने वाढते.

उघड्या गाडीचे सगळे माउंट एकदम सोडू नयेत. छत नसल्याने बॉडी मधून वाकते. स्पिटफायरमध्ये तर दरवाजाखालचे सिलच भार वाहतात. दोन्ही दरवाजांच्या चौकटीत आडवी नळी बोल्टने बसवावी, प्रत्येक फट मोजून लिहून ठेवावी आणि निघालेल्या शिम त्या-त्या जागेच्या नावाच्या पिशवीत ठेवाव्यात. एकावेळी एकच माउंट बदलता आला तर उत्तम.

नवे बोल्ट झिंक चढवलेले ८.८ दर्जाचे घ्यावेत. त्यांची ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल असते. नेहमीचे स्टेनलेस बोल्ट गंजत नाहीत, पण ताकदीला कमी पडतात आणि त्यांचे आटे आपापसांत घासून अडकतात. मुंबईच्या नागदेवी भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत इंची बोल्ट शोधावे लागतात. नळी तुर्भे–महापे पट्ट्यातल्या लेथवर वळवून घेता येते. रबर मूळ कडकपणाचाच घ्यावा. पॉलियुरेथेनचा टणक तुकडा टिकतो खरा, पण हादरे थेट बॉडीत जातात आणि जुना पत्रा तडकतो. बसवताना आट्यांना अँटी-सीझ लेप, नळीत मेण, आणि बोल्ट आधी सगळे सैल लावून मग कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने मधून टोकांकडे आवळावेत. चारपाचशे किलोमीटरनंतर रबर बसल्यावर पुन्हा तपासावेत.

या कामात चासीवर कोरलेला क्रमांक घासला जाता कामा नये. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा. म्हणून चासीचा कुजलेला तुकडा बदलावा लागला तर आधी आणि नंतरचे फोटो, तसेच सुटे भाग घेतल्याची बिले गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावीत.