संध्याकाळी उघडी असणारी शाळा

शाळा सुटली की फाटकाला कुलूप, हे आपण गृहीतच धरतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांना ते पटेना. खेड्यांतले तरुण शहराकडे निघाले होते. १९२४ साली त्यांनी योजना मांडली: एकाच आवारात दिवसा मुलांची माध्यमिक शाळा, संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग, वाचनालय, सभागृह. असं पहिलं ‘व्हिलेज कॉलेज’ १९३० मध्ये सॉस्टनला उघडलं, इम्पिंग्टनचं १९३९ मध्ये. त्याचा आराखडा वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांचा. हेच फ्राय पुढे आपल्या चंडीगडच्या उभारणीत होते! खेड्यातल्या शाळेला एवढे मोठे वास्तुकार कशाला, असं मॉरिसना कधी वाटलं नाही. तरी १९४४ नंतर अकराव्या वर्षीची परीक्षा आली आणि तीत निवडलेली मुलं ग्रामर स्कूलकडे जाऊ लागली. ही चाळणी नसलेली, सर्वांना घेणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा इम्पिंग्टन पुढे झाली.