बेडक्यातले गुलाबी दाणे

बेडका म्हटलं की माणसं तोंड फिरवतात. मी बत्तीस वर्षं त्याच्याकडेच बघत बसले. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. सकाळी खिडकीशी डब्यांची रांग लागायची. झाडूच्या काडीने बेडक्यातला घट्ट पिवळा भाग उचलायचा, काचेवर पसरायचा, स्पिरिटच्या दिव्यावर शेकायचा. मग लाल रंग, मग आम्ल, शेवटी निळा. निळ्यात लाल काड्या दिसल्या तर टीबी, नाही दिसल्या तर रजिस्टरात ‘निगेटिव्ह’. आमच्याकडे बेडका टीबीसाठीच यायचा. दुसरं काही त्याला कुणी विचारत नसे.

1991च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांचा डबा त्या रांगेत आला. अण्णांना पहाटे तीनला धाप लागायची, उठून भिंतीला टेकून बसावं लागायचं. काच निगेटिव्ह निघाली. डब्यात थोडं उरलं होतं, म्हणून दुसरी काच केली आणि तिच्यावर रक्तासाठी वापरतात तो लिशमनचा रंग टाकला. तेल घालून मोठ्या भिंगाखाली धरली, तर सगळीकडे गुलाबी. चष्म्याच्या दोन काचांसारखं दुभागलेलं केंद्रक आणि भोवती ठासून भरलेले नारिंगी-गुलाबी दाणे. त्या इओसिनोफिल पेशी होत्या. मधूनमधून दोन्ही टोकांना निमुळते स्फटिकही होते. डॉक्टरांना काच दाखवली. त्यांनी दमा म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत अण्णा आडवे होऊन झोपू लागले.

या पेशी कुणी ओळखल्या, म्हणून मी वाचायला लागले. 1879 साली जर्मनीत पाउल एर्लिख हा तरुण डॉक्टर काचेवर वाळवलेल्या रक्तावर नवे कृत्रिम रंग टाकून बघत होता. इओसिन नावाचा रंग काही पेशींचे दाणे हावऱ्यासारखे शोषून घेतात, हे त्याला दिसलं. ‘इओस’ म्हणजे ग्रीकांची पहाटेची देवता, आपली उषा. पेशीला नाव मिळालं, पण तिचं काम काय, हे पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगता येईना. जंत झाले तरी ती वाढते, दम्यातही वाढते. मुंबईत वाइनगार्टन नावाच्या डॉक्टरांनी रात्रीचा खोकला, घरघर आणि रक्तात या पेशींचा पूर, असे रोगी पाहिले आणि 1943 साली त्या आजाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटलं. त्याचं मूळ हत्तीरोगाच्या जंतात असल्याचं नंतर कळलं. म्हणजे गुलाबी दिसलं की दमाच, असंही नाही.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती इंग्लंडमधल्या डर्बी गावची गोष्ट. कॉर्टिझोन हे स्टेरॉइड तेव्हा नवं होतं. 1956 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ते जुन्या दम्याच्या रोग्यांवर रीतसर तपासलं आणि फारसा टिकाऊ फायदा दिसला नाही. डर्बीचे छातीचे डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन मात्र रोग्यांचा बेडका स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघत. 1958 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेत त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने आराम पडतो, ज्यांच्यात नाहीत त्यांना पडत नाही. दमा म्हणून एका रांगेत बसवलेली माणसं एका रोगाची नव्हतीच. औषध कामाचंच होतं, पण सरसकट सगळ्यांना दिल्यामुळे त्याचा गुण सरासरीत बुडाला होता.

पण या पेशींना फुफ्फुसात बोलावतं कोण? आपल्याकडे पूर्वी फोन नव्हते तेव्हा माणसाकरवी सांगावा धाडत. शरीरातल्या पेशी प्रथिनांचे सांगावे धाडतात. 1979 साली स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन गावी जमलेल्या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या पेशींमधल्या अशा निरोप्यांना ‘इंटरल्युकिन’ हे नाव दिलं. पुढे त्यांना आकडे पडत गेले. आमच्या गुलाबी पेशींचा निरोप्या पाचवा. तो अस्थिमज्जेला सांगतो की इओसिनोफिल घडवा आणि रक्तात सोडा; पोचलेल्यांना सांगतो की इतक्यात मरू नका. चौथ्याच्या सांगाव्यावरून अ‍ॅलर्जीची आयजीई प्रतिपिंडं तयार होतात, तेराव्यामुळे श्वासनळीत चिकट कफ दाटतो. 1986 साली अमेरिकेत मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांतल्या मदतनीस टी-पेशी या पांढऱ्या पेशींचे दोन गट वेगळे केले, आणि हे सांगावे बहुतांशी कोणत्या घरातून निघतात ते कळायला लागलं. स्टेरॉइड ही सगळी कुजबुज एकदम दाबतं, म्हणून गुण येतो. पण त्याबरोबर हाडं, साखर, डोळे यांनाही झळ लागते. अण्णांना पुढे मोतीबिंदू झाला. तो गोळ्यांचा की वयाचा, कोण सांगणार?

मग पाचव्या निरोप्याला वाटेतच अडवणारं प्रतिपिंड तयार झालं, मेपोलिझुमॅब. 2000 साली सौम्य दमा असलेल्यांवर ते तपासलं. इओसिनोफिल धडाधड उतरले, पण अ‍ॅलर्जीचा कण हुंगवल्यावर श्वासनळी आवळायची ती आवळलीच. इओसिनोफिल बिचारे निर्दोष, असं बोललं जाऊ लागलं. डर्बीचीच गोष्ट पुन्हा घडत होती.

ती चूक सुधारली पुन्हा बेडक्यानेच. कॅनडातल्या हॅमिल्टन गावी हारग्रीव्ह या डॉक्टरांच्या मंडळींनी खारट पाण्याची वाफ देऊन बेडका काढण्याची आणि त्यातल्या पेशी मोजण्याची पद्धत पक्की बसवली होती. इंग्लंडमध्ये लेस्टरलाही तशीच मोजणी चाले. दोन्ही ठिकाणी बेडक्यात इओसिनोफिल असलेलेच रोगी निवडले. 2009 साली दोघांचे निकाल एकाच वेळी छापून आले. हॅमिल्टनला अवघे वीस रोगी होते. नुसती सलाइन मिळालेल्या गटात बारा झटके आले, औषधाच्या गटात एकाच रोग्याला झटका आला. लेस्टरला एकसष्ट रोगी होते; औषध न मिळालेल्या गटात वर्षाला माणशी 3.4 झटके आले, औषधाच्या गटात 2. 2015 साली अमेरिकेत हे औषध मंजूर झालं. त्यामागून दुसऱ्या निरोप्यांना अडवणारीही आली. ही इंजेक्शनं महाग आहेत, आमच्या रांगेतल्या माणसांना परवडणारी नाहीत. पण कुणाला द्यायची हे ठरवायला आता बहुतेक वेळा साधी रक्तातली इओसिनोफिलची मोजणी बघतात. ती जिल्ह्यातही होते, आणि मी रोज दहा-वीस करत होते.

अण्णांच्या काचेनंतर मला एक खोड लागली. टीबीची काच निगेटिव्ह आली आणि खिडकीशी उभा माणूस शिट्टीसारखा श्वास घेताना ऐकू आला, की मी गुपचूप दुसरी काच करायची. गुलाबी दिसलं तर रजिस्टराच्या समासात लिहायची, ‘इओ भरपूर’. एका साहेबांनी झापलं, टीबीच्या रजिस्टरात भलतंसलतं लिहायचं नाही म्हणाले. त्यांच्या जागी आलेल्या बाई मात्र दुपारी येऊन आधी समास वाचायच्या आणि त्या माणसांना परत बोलावून घ्यायच्या. मी लिहायचं सोडलं नाही. फक्त पेनाऐवजी पेन्सिल धरली, साहेब पुन्हा बदलले तर खोडता यावं म्हणून.