भूसंपादन मोबदल्याच्या अपिलांतील विलंब

भूसंपादन मोबदल्याच्या अपिलांतील विलंब म्हणजे संपादित जमिनीच्या ठरवलेल्या किमतीविरुद्ध कायद्याने दिलेली मुदत उलटून गेल्यावर दाद मागणे. अशा प्रकरणांत जमिनीच्या दराचा विचार होण्यापूर्वी विलंब माफ करावा की नाही, हे ठरते. माफी नाकारली गेल्यास दर कमी असला तरी आधीचा निर्णय कायम राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील स्वरूप

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मुळा धरण, प्रवरा नदीवरील निळवंडे धरण आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे यांसाठी शेतजमिनी संपादित झाल्या. कालव्यासाठी अनेक गटांतून अरुंद पट्टे घेतले जातात. त्यामुळे खातेदार पुष्कळ आणि प्रत्येकाचा दावा लहान असतो. जमीन जिरायत धरली की बागायत, यावर दर अवलंबून असतो. सातबारा उताऱ्यावर मृत खातेदाराचे नाव राहिले असल्यास वारसांना नोटीस वेळेत न मिळण्याची शक्यता असते. जिल्ह्यातील प्रथम अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८१ साली सुरू झालेल्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.

मुदती

भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम १८ नुसार निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या खातेदाराने ६ आठवड्यांत संदर्भ अर्ज करावयाचा असे. इतरांसाठी नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी आधी संपणारी मुदत लागू होई. ही मुदत वाढविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. मात्र निवाड्याची माहिती संबंधितास झाल्यापासूनच मुदत मोजावी, हे तत्त्व राजा हरीशचंद्र राज सिंग प्रकरणात (१९६१) मान्य झाले होते.

दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस मिळत. त्यानंतर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली पुरेसे कारण दाखवून विलंबमाफी मागता येई.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्यात संदर्भासाठीच्या मुदती त्याच असून, पुरेशा कारणास्तव आणखी एक वर्षापर्यंत अर्ज स्वीकारण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. उच्च न्यायालयातील अपिलासाठी कलम ७४ मध्ये ६० दिवसांची मुदत व परंतुकात आणखी ६० दिवसांपर्यंतची मुभा नमूद आहे.

न्यायालयीन भूमिका

विलंब शासनाकडूनही होतो. अनंतनाग येथील भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी (१९८७) या प्रकरणात शासनाचे अपील चार दिवस उशिरा दाखल झाले होते. ‘पुरेसे कारण’ या शब्दांचा उदार अर्थ लावावा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो विलंब माफ केला. धीरज सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०१४) या प्रकरणात जमीनमालकांचा विलंब माफ झाला. परंतु विलंबाच्या काळातील व्याज नाकारण्यात आले. याउलट पाथापती सुब्बा रेड्डी प्रकरणात (२०२४) वारसांचा ५,६५९ दिवसांचा विलंब माफ करण्यास नकार मिळाला.

आर्थिक परिणाम

१८९४ च्या कायद्यानुसार वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के व त्यानंतर १५ टक्के दराने व्याज मिळते. त्यामुळे व्याज न देण्याच्या अटीवर चार वर्षांचा विलंब माफ झाल्यास, १५ टक्के दराने पाहता, वाढीव रकमेच्या ६० टक्क्यांइतके व्याज खातेदारास गमवावे लागते.

संदर्भ अर्जच न केलेल्या खातेदारासाठी १९८४ साली कलम २८-अ समाविष्ट करण्यात आले. त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला दिवाणी न्यायालयाने वाढीव दर दिल्यास, त्या निर्णयापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मोबदल्याची फेरनिश्चिती मागता येते. २०१३ च्या कायद्यात हीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे.