आजोबांची सीता

शेवगावच्या आमच्या वाड्यात वारसाहक्कावरून भांडणे पुष्कळ झाली; पण आजोबांच्या सीतेवर कुणी हक्क सांगितला नाही. ही सीता १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या मूकपटातली. जत्रेतल्या तंबूत राम दिसताच आजोबांनी वहाणा काढून हात जोडले म्हणे. सीता आली तेव्हा मात्र हात जोडायचेच विसरले!

पुढे कुणा आगाऊ माणसाने सांगितले, “आबा, राम आणि सीता एकच. अण्णा साळुंके.” आजोबांचे दोन दिवस जेवणात लक्ष नव्हते. त्यात ही सीता मूळची ग्रँट रोडच्या हॉटेलातली आचारी! बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त त्यालाच तारामती केले होते.

आता वारसाचे बघा. ‘हरिश्चंद्र’ होता चार रिळांचा, सुमारे ३७०० फूट. उरली पहिली आणि शेवटची. त्यातही काही अभ्यासक म्हणतात, हा १९१३ चा नव्हेच. फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेला. म्हणजे वारसही तोतया? असो. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वावरात उभा दुसराच, हे आम्हा शेवगावकरांना काही नवे नाही.

मी ते तुकडे पाहिले. ओल्या लुगड्यांत तारामती आणि तिच्या सख्या. दंड मात्र तालमीतले. पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा बघताना मात्र हसू येईना. आजोबा शेवटपर्यंत म्हणत, “मी बघितली ती सीताच.”

आजीने मात्र साळुंक्यांचे नाव ऐकल्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.