विषारी आमिष

उपद्रवी किंवा आगंतुक प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्या आवडीच्या खाद्यात विष मिसळून केलेले मिश्रण.

झिंक फॉस्फाईडसारखी जलद विषे आधीपासून वापरात होती; रक्त गोठू न देणारे वॉरफरिन विसाव्या शतकाच्या मध्यास आले, पुढे त्याच गटातील ब्रोमाडिओलोन. न्यूझीलंडमध्ये बाहेरून आलेल्या पॉसम व उंदरांविरुद्ध ‘१०८०’ (सोडियम फ्लुओरोअॅसिटेट) वापरतात.

गोंदिया जिल्ह्यात आमिषाचे मुख्य लक्ष्य धानाच्या बांधीतील (बांध घातलेल्या खाचरातील) उंदीर व लहान घूस. (पहा : धान, कृंतक गण). ही घूस मूळची इथलीच, म्हणून तिला आगंतुक म्हणता येत नाही. धुऱ्यांत (शेताच्या बांधांत) बिळे करून ती धानाचे फुटवे कुरतडते, लोंब्या बिळात साठवते. कापणीनंतर पुंजणेही (रचून ठेवलेल्या धानाचा ढीगही) तिच्यापासून सुटत नाही. आमिष घालण्यापूर्वी संध्याकाळी बिळांची तोंडे चिखलाने लिंपतात. सकाळी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. उंदीर नव्या खाद्याला बुजतो, त्यामुळे आधी एक-दोन दिवस धान्याची बिनविषारी भरड ठेवतात. मग ९६ भाग भरड, २ भाग खाद्यतेल, २ भाग झिंक फॉस्फाईड काठीने कालवून कागदी पुडीतून बिळात खोल सरकवतात व तोंड बुजवतात. उंदराच्या पोटातील आम्लाशी झिंक फॉस्फाईडचा संयोग होऊन फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनवर मात्र उतारा म्हणून जीवनसत्त्व ‘के’ चालते.

उघड्यावर टाकलेले आमिष पाळीव जनावरे व पक्ष्यांना घातक ठरते; धानशेतीत चरणाऱ्या सारसांमुळे गोंदियात ही काळजी विशेष आवश्यक. (पहा : सारस). वन्य प्राण्यावर विषप्रयोग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ ठरतो.