वही कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या किराणा दुकानात वहीपूजन असे. लाल कापडी बांधणीची नवी कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्यावर फूल, अक्षता आणि एक रुपयाचे नाणे. आम्हां पोरांचे लक्ष अर्थात पूजेनंतरच्या पेढ्याकडे. पण त्या दुकानातली मला खरी आठवते ती जुनी वही. तीत आमच्या वडिलांच्या नावाचे एक पान होते. महिनाअखेर उधारी चुकती करायला ते जात, तेव्हा मीही बरोबर असे. शेठजी वही उघडीत, आमचे पान काढीत, आणि समोरच्या पानावर आपला हात पालथा ठेवीत. त्या पानावर कोणाचे नाव आहे, किती बाकी आहे, हे आम्हांला कधी दिसले नाही. वही शेठजींची, कागद त्यांचा, शाई त्यांची, अक्षरही त्यांचेच. पण पानावरची अब्रू दुसऱ्याची आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

मोठमोठ्या कंपन्यांना मात्र ते कोर्टाने शिकवावे लागले. आणि ते धडे सुखासुखी झाले नाहीत. दर वेळी कंपनीतर्फे निष्णात वकील उभा राहिला आणि त्याने मोठ्या हुशारीने बचाव मांडला. मी वकील नव्हे, शाळामास्तर. पण कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्यामुळे जुन्या खटल्यांचे निकाल वाचण्याचा नाद मला जडला आहे. तिथे माणसे आयती भेटतात. फिर्यादीची कहाणी वाचून मन कळवळते हे खरे; पण विचार करायला लावतो तो प्रतिवादीचा बचाव. कारण तो बचाव पुष्कळदा आपण स्वतःही केलेला असतो.

पहिली गोष्ट इंग्लंडातल्या रॉचेस्टर गावची, १८८८ सालची. तिथे ‘फोटोग्राफिक कंपनी’ या नावाने एका छायाचित्रकाराचे दुकान होते. पोलार्ड नावाच्या एका विवाहितेने तिथे पैसे मोजून आपले छायाचित्र काढून घेतले. पुढे नाताळ जवळ आला तेव्हा तेच छायाचित्र नाताळच्या शुभेच्छापत्रावर चढून दुकानाच्या काचेत झळकू लागले. आपल्याकडे दिवाळीच्या भेटकार्डावर एखाद्या घरच्या सुनेचा फोटो तिला न विचारता छापून बाजारात टांगावा, तसाच प्रकार! बाईंनी कोर्टात धाव घेतली.

कंपनीचा बचाव साधा होता. काच आमची, तिच्यावर उमटलेली मूळ प्रतिमा आमची. स्वतःच्या चेहऱ्यावर माणसाची मालकी कायद्याने मानलेली नाही. छायाचित्रात बदनामी कसलीच नाही. मग आमच्या वस्तूचे आम्ही काहीही करू! न्यायमूर्ती नॉर्थ यांनी हे मानले नाही. गिऱ्हाईक पैसे देते ते आपल्यापुरत्या प्रती मिळाव्यात म्हणून. काच हाती आली ती त्या विश्वासातून आली. तिचा दुसरा उपयोग करणे हा कराराचा भंग आणि विश्वासाचाही भंग, असे सांगून त्यांनी मनाई हुकूम दिला. वस्तू तुझी असेल, पण ती तुझ्या हाती का आली ते विसरू नकोस, असा त्याचा सोपा अर्थ.

पण इथे एक फट राहून गेली. करारच नसेल तर? ती फट चौदा वर्षांनी उघडी पडली, आणि योगायोग असा की तीही रॉचेस्टर गावीच. फक्त हे रॉचेस्टर अटलांटिकच्या पलीकडले, न्यूयॉर्क राज्यातले. तिथल्या एका पिठाच्या गिरणीने आपल्या मालाच्या जाहिरातीवर अ‍ॅबिगेल रॉबर्सन या तरुण मुलीचे चित्र छापले. तिला विचारले नाही, कळवलेही नाही. पंचवीस हजार चित्रे छापून दुकानांत, वखारींत आणि दारूच्या गुत्त्यांतही लागली. चित्रावर नाव नव्हते. वर एक शाब्दिक कोटी होती. इंग्रजीत फूल आणि पीठ या शब्दांचा उच्चार एकच, तेव्हा ‘घरचे फूल’ म्हणा की ‘घरचे पीठ’ म्हणा! ओळखीच्यांनी चेहरा ओळखला. मुलगी लाजेने अंथरुणाला खिळली. डॉक्टर बोलवावा लागला. तिने गिरणीवर आणि चित्रे पुरवणाऱ्या रॉचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनीवर पंधरा हजार डॉलरांचा दावा लावला.

या वेळी बचाव अधिक खोल होता. कंपनीचे म्हणणे असे की, तुमचे दुःख खरे असेल, पण ज्या हक्कासाठी तुम्ही आलात तो हक्कच कायद्यात नाही. वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी १८९० साली एका विधिविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्काची कल्पना मांडली होती खरी. पण लेख म्हणजे कायदा नव्हे. खालच्या कोर्टांत मुलगी जिंकली होती. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा मतांनी ती हरली. मुख्य न्यायाधीश ऑल्टन पार्कर यांनी लिहिले त्याचा सारांश असा की, हा हक्क एकदा मान्य केला तर दाव्यांचा पूर लोटेल, आणि उद्या कोणाच्या रूपावर शेजाऱ्याने शेरा मारला तरी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

बचाव जिंकला, पण तो इतका लख्ख जिंकला की लोक खवळले. वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला: लेखी संमतीवाचून कोणाचे नाव वा चित्र जाहिरातीसाठी वापरता येणार नाही. कंपनीच्या वकिलाने ‘असा कायदा नाही’ हे सिद्ध केले म्हणूनच तो कायदा झाला! पुढची गंमत तर कादंबरीत घातली तर कोणाला खरी वाटायची नाही. १९०४ साली हेच पार्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि छायाचित्रकारांनी त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा त्यांनी जाहीर तक्रार केली. त्यावर त्या रॉबर्सनबाईंनी त्यांना उघडे पत्र लिहून आठवण करून दिली की, महाराज, असा हक्क माणसाला नाही, हे मला आपणच सांगितले आहे. पार्कर ती निवडणूक हरले. त्यांना हरवणारे थिओडोर रूझवेल्ट. पत्राचा त्यात वाटा होता असे मी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट पुन्हा इंग्लंडातली, आणि मला सर्वांत जवळची. कारण तीत चित्र नाही, वही आहे. टूर्नियर नावाचा एक सामान्य माणूस नॅशनल प्रोव्हिन्शियल अँड युनियन बँकेचा खातेदार होता. त्याच्या खात्यावर नऊ पौंड आठ शिलिंग सहा पेन्स इतकी उचल झाली होती. आठवड्याला एक पौंड फेडीन, असे त्याने लिहून दिले आणि त्यात आपण ज्या पेढीत फिरता विक्रेता म्हणून लागणार होतो तिचा पत्ता दिला. हप्ते थकले. मध्यंतरी बँकेच्याच दुसऱ्या एका खातेदाराने त्याला दिलेला एक धनादेश त्याने आपल्या खात्यात न भरता परस्पर दुसऱ्याला देऊन टाकला. बँकेच्या व्यवस्थापकाने चौकशी केली, तेव्हा पैसे शर्यतीच्या एका बुकीच्या खात्यात गेल्याचे कळले. व्यवस्थापकाने टूर्नियरचा घरचा पत्ता विचारण्यासाठी त्याच्या पेढीत फोन केला आणि बोलण्याच्या ओघात उचलीची गोष्टही सांगितली, बुकीचीही सांगितली. टूर्नियरची नेमणूक तीन महिन्यांची होती. ती पुढे वाढवली गेली नाही.

बँकेचा बचाव काय होता? आम्ही आमच्या येण्याच्या वसुलीसाठी विचारपूस केली. आणि धनादेशाची माहिती काही त्याच्या खात्यातून मिळालेली नव्हे, तेव्हा ती त्याची गुप्त गोष्ट कशी? ज्यूरीने बँकेच्या बाजूने कौल दिला. अपिलात मात्र, डिसेंबर १९२३ मध्ये, तिघा न्यायमूर्तींनी तो कौल रद्द करून फेरसुनावणीचा हुकूम दिला. खातेदाराची माहिती न फोडणे हा बँकेशी झालेल्या करारातच गृहीत असलेला भाग आहे. आणि बँक म्हणून जे जे कळले ते सारे त्यात येते, मग ते कोणाच्या खात्यातून का कळलेले असेना, असे बहुमत पडले. न्यायमूर्ती बँक्स यांनी अपवादही चार घालून दिले: कायद्याने भाग पाडले तर, सार्वजनिक कर्तव्य असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल तर आणि खातेदाराची संमती असेल तर. म्हणजे बचाव पुरता फेटाळला नाही. त्याला कुंपण घातले. बँकेला वसुलीचा अधिकार आहे, पण अब्रू चव्हाट्यावर मांडण्याचा नाही.

हा नियम आपल्या ओळखीचा आहे. १९६९ साली ज्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आणि त्या बँकांसाठी झालेल्या १९७० च्या कायद्यात खातेदारांची माहिती फोडू नये असे स्पष्ट कलम आहे.

टूर्नियरच्या खटल्यात एक गोष्ट मला फार बोचली. उचल झाली होती, हप्ते थकले होते; व्यवस्थापक त्याविषयी खोटे बोलला नव्हता. आणि खरे तेच सांगितले, एवढ्याने ते सांगण्याचा अधिकार येत नाही. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, परीक्षा फी थकलेल्या मुलांची यादी मी भर वर्गात मोठ्याने वाचली होती. सात नावे होती. सहावे नाव ज्याचे, तो शेवटच्या बाकावरचा मुलगा खाली मान घालून बसला. सोमवारी तो आला नाही. नंतरही कधी आला नाही. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “यादी शाळेची आहे, सर. आणि त्यात खोटे काय होते?” म्हणजे रॉचेस्टरच्या दुकानदाराचा आणि बँकेचा, दोघांचाही बचाव मी एका दमात केला होता, आणि तोही वकील न लावता. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. मी जिंकलो, असे मला त्या वेळी वाटले.

आता वह्या यंत्रांत गेल्या आहेत आणि एका पानावर लाख लाख माणसे मावतात. २०१४ साली इंग्लंडातल्या मॉरिसन्स या दुकानदार कंपनीच्या सुमारे एक लाख नोकरांची नावे, पत्ते, बँकखाती आणि पगार तिच्याच एका लेखापरीक्षकाने जगजाहीर केले. शिस्तभंगाबद्दल मिळालेल्या शिक्षेचा त्याला राग होता. त्याला आठ वर्षांची कैद झाली. नऊ हजारांवर नोकरांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीचा बचाव असा: तो आमचे काम करीत नव्हता, आमच्यावर सूड उगवीत होता. दोन कोर्टांत कंपनी हरली. १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. हा बचाव मला पटतो. निस्तरण्यातच कंपनीचे बावीस लाख पौंडांवर गेले होते. घर जाळायला निघालेल्या नोकराच्या आगीचे बिल घरमालकाने का भरावे? पण ते पटूनही मन निवत नाही; कारण ज्यांचे पगार गल्लोगल्ली पोचले त्यांच्या पदरात काहीच पडले नाही. पुढल्याच वर्षी त्याच न्यायालयात गूगल कंपनीने चाळीस लाखांवर फोनधारकांच्या वतीने आणलेला दावा परतवला. माहिती परवानगीवाचून घेतली, एवढे पुरे नाही; प्रत्येकाचे नुकसान काय झाले ते दाखवा, असा निर्णय झाला.

नुकसान काय झाले ते दाखवा! त्या सहाव्या मुलाने काय दाखवले असते?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने माहितीरक्षणाचा कायदा केला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात आहे. दंड मोठा आहे. पण तो सरकारी तिजोरीत जमा व्हायचा. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. इथेही एखादा निष्णात बचाव एक दिवस लख्ख जिंकेल, लोक खवळतील, आणि मग ही उणीव भरून निघेल, असे इतिहास वाचणाऱ्याला वाटते. तोवर काय? तोवर ज्याच्या हाती वही त्याच्या मनाचाच भरवसा.

आमचे शेठजी आता नाहीत. दुकानात त्यांचा नातू बसतो आणि हिशेब संगणकावर ठेवतो. गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. त्याने संगणकाची पूजा मांडली होती. झेंडूचे फूल पडद्याच्या मधोमध ठेवले होते. माझी काही किरकोळ बाकी होती. ती पाहण्यासाठी त्याने यादी उघडली, आणि सवयीने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. मला माझा आकडा तेवढा सांगितला.

मी पैसे दिले आणि पेढा घेतला. शाळेत हल्ली मी यादी वाचीत नाही. मुलाला एकेकट्याला व्हरांड्यात बोलावतो. वेळ जातो, जाऊ दे.