गुरूच्या दारातील अग्निपरीक्षा

लग्नमुहूर्त काढताना गुरूचा अस्त आपण कटाक्षाने पाहतो. पण त्याच गुरूच्या वातावरणात दिनांक ७ डिसेंबर १९९५ रोजी मनुष्यनिर्मित कुपी शिरली, ही हकीकत आपल्यात क्वचितच निघते.

या हकीकतीचे मूळ जुने आहे. वेगाने जाणाऱ्या वस्तूचे टोक अणकुचीदारच असावे, असा पूर्वी समज होता. १९५१ साली कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेच्या ज्युलियन ॲलन यांनी तो उलटविला. टोक बोथट असले, तर हवेचा दाबलेला थर त्याच्यापुढे अंतर राखून उभा राहतो, आणि बहुतेक उष्णता त्या हवेतच राहून बाजूने निघून जाते.

पृथ्वीवर परतणाऱ्या अस्त्रांसाठी हे पुरले. गुरूचे प्रकरण निराळे. 'गॅलिलिओ' यानाने सोडलेली ती कुपी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने आत शिरली. अशा वेगात पुढचा वायू स्वतःच प्रखर तेजाने झळकू लागतो, आणि प्रकाशरूपाने येणारी उष्णता बोथटपणाने टळत नाही. म्हणून ३३९ किलो वजनाच्या कुपीत १५२ किलो नुसते कवचच होते. ते स्वतः जळून झिजावे आणि आतील यंत्रे वाचावीत, अशी योजना. त्याच्या वाफांचा थर पुन्हा त्या तेजाला अडवितो, म्हणजे गणिताची गुंतागुंत आणखीच वाढली. ही सारी परिस्थिती एकत्र निर्माण करील अशी प्रयोगशाळा पृथ्वीवर नव्हती. सारी भिस्त गणितावर.

सुदैवाने कर्त्यांनी कवचातच झीज मोजणारी उपकरणे पुरली होती. आम्हां वकिलांना हे दूरदर्शित्व विशेष भावते: अनुमान कितीही सुसंगत असो, प्रत्यक्ष साक्षीदार हवाच. साक्ष निघाली ती गणिताच्या विरुद्ध. नाकाशी झीज अपेक्षेहून कमी, तर कडेच्या उतारावर बरीच अधिक! कवच एकूण सुमारे ८० किलो झिजले. कडेला राखलेली जाडी थोडी कमी असती, तर पुढचे काहीच कळले नसते. ती होती, म्हणून कुपीने सुमारे ५८ मिनिटे गुरूच्या वातावरणाची वार्ता पाठविली.

नंतरच्या संशोधकांनी या तफावतीचे एक कारण कडेच्या प्रवाहातील खळबळीत शोधले: जळत्या कवचाच्या वाफांनीच तो प्रवाह ढवळून निघाला असावा. नवी गणिते आजही त्याच नोंदींवर पडताळून पाहिली जातात.